न्हाव्याच्या आरशातली साक्ष

माझ्या शर्टाच्या खिशात, पेनाच्या मागे, एक्स-रे फिल्मचा एक काळा तुकडा कायम असतो. आकाराने काडेपेटीएवढा, आणि मधोमध सुईने पाडलेले एक बारीक छिद्र. गेल्या महिन्यात बँकेतल्या एका तरुण अधिकाऱ्याने विम्याचे कागद माझ्यापुढे सरकवले आणि म्हणाला, "काका, इथे फक्त सही करा." सहीच्या आधी 'फक्त' हा शब्द वापरणाऱ्या माणसावर माझा उभ्या आयुष्यात विश्वास बसलेला नाही. मी तो तुकडा काढला, उजव्या डोळ्याला लावला, कागद खिडकीच्या उजेडात धरला आणि शेवटच्या पानाच्या तळाशी मुंग्यांच्या रांगेसारख्या ज्या अटी छापल्या होत्या त्या सगळ्या मोठ्याने वाचल्या. मागची रांग कुरकुरली. एक बाई मात्र पुढे येऊन म्हणाल्या, "आजोबा, माझाही वाचून द्या." वाचून दिला. आम्ही दोघांनीही सही केली नाही आणि संध्याकाळी मी बँकेला सविस्तर हरकतीचे पत्र धाडले. उत्तर अर्थातच आलेले नाही.

माझ्याकडे चष्मा आहे आणि चांगला आहे; परंतु तो नेमका घरी विसरतो आणि हा तुकडा विसरत नाही. त्यात जादू काही नाही. नंबर असलेल्या डोळ्यात उजेड पसरून शिरतो म्हणून अक्षर पुसट दिसते. बारीक छिद्रातून मोजकाच उजेड सरळ आत जातो आणि तेच अक्षर ठसठशीत होते. छिद्रातून स्पष्ट दिसले तर डोळा बहुधा शाबूत आहे, चष्मा लावा. छिद्रातूनही दिसले नाही तर दुखणे आतले आहे, मोठ्या दवाखान्यात जा. इतका आखूड आणि इतका नेमका निकाल मी कोणत्याही न्यायालयात ऐकलेला नाही, आणि न्यायालयाच्या पायऱ्या मी पुष्कळ झिजवल्या आहेत.

हा तुकडा मी सौदीतून आणला. लोक तिथून सोने आणि टेपरेकॉर्डर आणत त्या काळात. कस्टमच्या माणसाने तो उजेडात धरून बराच वेळ न्याहाळला, छिद्रातून माझ्याकडेही पाहिले, आणि काहीच कलम लागू होईना म्हणून परत दिला.

चिपळुणात मी एका दिवाणी वकिलांकडे कारकून होतो. वकीलसाहेब वारले, अशील पांगले, आणि चाळिशी उलटल्यावर मी एका कंत्राटदाराचा टाइमकीपर होऊन रास तनुराला पोहोचलो. तेलाचा भाव चढला होता आणि त्या किनाऱ्यावर रोज काहीतरी नवे उभे राहत होते: टाक्या, धक्के, आणि माणसांच्या उंचीचे पाइप. आमचा कॅम्प पोर्टा केबिनींचा. दापोली, गुहागर, सावंतवाडी, कोल्हापूर, जिथून म्हणाल तिथून आलेले वेल्डर, फिटर, सुतार त्यात दाटीने राहत. मी सगळ्यांचा 'भाऊसाहेब'. कॅम्पचा मॅनेजर लेबनॉनचा होता. तो मला 'मुहामी' म्हणे. अरबीत मुहामी म्हणजे वकील. त्याने ते थट्टेने म्हटले होते, मी ते गंभीरपणे घेतले. पाण्याच्या टाकीवर झाकण नाही, मेसच्या डाळीत डाळ नाही, इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, कंपनीच्या तिजोरीत असताना रस्त्यावर पोलिसाला दाखवायचे काय, या प्रत्येक विषयावर त्याच्या टेबलावर माझे पत्र असे. शुक्रवारची सुट्टी लोक झोपून काढत. मी टाइपरायटरवर काढत असे.

आमच्यात दाभोळचा एक क्रेनवाला होता. मुंबईच्या गोदीत क्रेन चालवून हात बसलेला. पाइपांच्या यार्डात त्याची क्रेन सर्वांत उंच, आणि तो पाइप असा खाली टेकवी की खालच्या लाकडी ओंडक्यांना कळूही नये. त्याला एक सवय होती. खाली उभा राहून हाताने इशारे देणारा पठाण त्याला नीट दिसला नाही की तो डाव्या हाताची सैलशी मूठ वळून डोळ्याला लावी आणि मुठीच्या पोकळीतून पाही. सगळे त्या मुठीला 'दाभोळची दुर्बीण' म्हणत. तोही हसे.

ती मूठ एके दिवशी सेफ्टी साहेबाने पाहिली. हा गोरा साहेब उंच, अबोल आणि नियमांचा पक्का होता. त्याने त्याच दिवशी परिपत्रक काढले की क्रेन चालवणाऱ्या प्रत्येकाचे डोळे तपासले जातील आणि जो नापास होईल त्याला 'खुरूज', म्हणजे मायदेशी परतीचा शिक्का. येथे मला एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे: त्याच्या हेतूवर माझी हरकत नव्हती. ज्याला खालचा माणूस दिसत नाही त्याने माणसाच्या डोक्यावरून पाइप फिरवू नये, हे मला त्याने शिकवायला नको होते. माझी हरकत पद्धतीवर होती, आणि ती आजही आहे.

पद्धत अशी. दवाखान्यात इंग्रजी अक्षरांचा छापील तक्ता टांगला. क्रेनवाल्याला समोर उभे केले आणि वाच म्हटले. क्रेनवाला मराठी चौथीपर्यंत शिकलेला. इंग्रजी अक्षर त्याला एकही येत नव्हते. त्याला वाटले, आपल्याला येत नाही ते कबूल करणे बरे, म्हणून त्याने मान हलवली. साहेबाने शेरा लिहिला: 'वाचू शकत नाही.' खाली मुठीचा उल्लेख. संपली तपासणी.

मला हे कळले तेव्हा मी जेवत होतो. ताट तसेच ठेवून उठलो. माणसाला इंग्रजी येत नाही म्हणून तो आंधळा ठरत असेल तर आमच्या तालुक्यातले निम्मे पुढारी काठी घेऊन फिरायला हवेत. मॅनेजरला त्याच दिवशी पत्र लिहिले आणि त्यात दोन मुद्दे मांडले. एक, तपासणी भाषेची झाली, डोळ्यांची झालीच नाही. दोन, आणि हा माझा हुकमाचा पत्ता होता, करारात दृष्टीबद्दल जे कलम आहे त्यात 'चष्म्याशिवाय अथवा चष्म्यासह' असे शब्द आहेत. पैकी चष्म्यासह तपासणी कोणी केली? करारावर सही करण्यापूर्वी तो शेवटपर्यंत वाचणारा त्या कॅम्पात मी एकटाच होतो. सबब फेरतपासणी व्हावी, आणि ती होईपर्यंत शिक्का थांबवावा.

मॅनेजरने पत्र वाचले, कपाळ चोळले आणि म्हणाला, "मुहामी, तू मला जगू दे." पण फेरतपासणी मंजूर झाली. गुरुवारी दुपारी, सेफ्टी साहेबासमोर, कॅम्पच्या डॉक्टरने ती करावी. तोवर क्रेनवाल्याने क्रेनला हात लावायचा नाही.

कॅम्पचे डॉक्टर मिरजेचे. तरुण, गोल चेहऱ्याचे आणि इतके आनंदी की ताप आलेला माणूस त्यांच्याकडे पाहून चिडावा. मी विजयी मुद्रेने मंजुरीचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो वाचून विचारले की हे सगळे ठीक आहे, पण तपासायचे कशाने? भिंगांची पेटी त्यांच्याकडे नव्हती. त्यांनी मागणी केली होती. पेटी मंजूर साहित्यात बसत नाही असे मुख्य कचेरीचे उत्तर आले होते. मी म्हटले, कचेरीला मी पत्र लिहितो.

"भाऊसाहेब, तुमच्या पत्राला उत्तर येईपर्यंत क्रेनवाल्याला मोतीबिंदू होईल," डॉक्टर म्हणाले. "शिकत असताना आम्ही गावोगाव डोळ्यांची शिबिरं घ्यायचो. पेटी तिथंही नसायची. पेटी मिरजेत, आणि डोळे जत तालुक्यात. म्हणून आम्ही अडून बसलो का?"

त्यानंतरचे दोन-तीन दिवस त्या दवाखान्यात जे चालले ते पाहताना मला रागाचा विसर पडला, हे माझ्या बाबतीत थोडके नव्हे. डॉक्टरांनी दुकानाकडून मिळालेल्या भिंतीवरच्या मोठ्या कॅलेंडरची पाने उलटी केली. पाठीमागची कोरी बाजू पांढरीशुभ्र. तिच्यावर इलेक्ट्रिशियनची काळी टेप कापून त्यांनी तीन दातांच्या फणीसारख्या आकृती चिकटवल्या: वरच्या ओळीत मोठ्या, खाली उतरत लहान. दात कधी वर, कधी खाली, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. पाहणाऱ्याने फक्त दात कुठे वळले आहेत ते सांगायचे. लिपी नको, भाषा नको. खालच्या बारीक आकृती टेपने जमेनात, म्हणून ड्राफ्ट्समनकडून त्याचे काळ्या शाईचे पेन आणि पट्टी आणली. मापे डॉक्टरांना पाठ होती. मी पट्टी धरली आणि प्रत्येक माप दोनदा तपासले, कारण विरुद्ध पक्ष मापावर हरकत घेणार हे मला ठाऊक होते.

डोळा झाकायला मेसमधली खोलगट पळी. हाताने झाकले की माणूस बोटांच्या फटीतून पाहतोच, असे डॉक्टर म्हणाले. फटीतून जास्त स्पष्ट दिसते का, असे मी सहज विचारले. डॉक्टर थबकले. मग त्यांनी मला क्रेनवाल्याच्या मुठीबद्दल खोदून खोदून विचारले: मूठ घट्ट असते की सैल, सावलीत लावतो की उन्हातही, लावल्यावर काम नीट होते का. सगळे ऐकून ते रद्दीच्या ढिगाकडे गेले, कोणाच्या तरी मोडलेल्या बरगडीची जुनी एक्स-रे फिल्म काढली, कात्रीने तिचे तुकडे केले आणि शिंप्याकडची सुई स्पिरिटच्या दिव्यावर तापवून एकेका तुकड्याला छिद्र पाडले.

"ही तुमच्या दुर्बिणीची धाकटी बहीण," ते म्हणाले.

तक्त्याला लाकडी चौकट हवी होती. ती क्रेनवाल्याच्या खोलीतल्या सुताराने करून दिली. हा सावंतवाडीचा, हात सोन्याचे आणि डोके सतत नको तिथे चालणारे. चौकट ठोकता ठोकता त्याने सगळ्या आकृतींचा क्रम उतरवून घेतला. बुधवारी संध्याकाळी मी मेसमध्ये गेलो तर भिंतीला टेकून बसलेले आठ-दहा जण पाढे म्हणावेत तसे एका सुरात म्हणत होते: वर, डावी, खाली, उजवी, उजवी, वर. चालही बसवली होती, आणि समेवर ताटल्या वाजत होत्या. मधोमध क्रेनवाला मान खाली घालून बसला होता.

मी काय चालले आहे ते विचारले. सुताराने अभिमानाने सांगितले, "भाऊसाहेब, तुमी पत्रां लिवा, आमी पाठ करतंव. खयचातरी एक कामाक येतला."

मी त्यांना खोट्या साक्षीबद्दल जे काही सुनावले ते इथे लिहीत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या लबाडीवर तुटून पडायचे आणि आपल्या माणसाने ती केली की तिला चलाखी म्हणायचे, हे मला जमलेले नाही. ताटल्या थांबल्या. सुतार पुटपुटला की भाऊसाहेबांना जिंकण्यापेक्षा भांडण्याची हौस. लोक हसले. मी बाहेर आलो, आणि माझ्यामागून क्रेनवाला आला.

कुंपणाशी उभे राहिलो. समुद्रावर टँकर रांगेत थांबले होते. त्याने बराच वेळ त्यांच्याकडे डोळे बारीक करून पाहिले आणि विचारले, "पाठ म्हनू का नको, येवढंच सांगा."

मी म्हटले, तुला दिसते की नाही हे तूच सांग.

"जवळचं दिसतं. लांबचं धुकं," तो म्हणाला. "घरी गेलो तर लोक म्हनतील आंधळा होऊन आला. भाऊ आपली होडी तरी हातात देईल का? क्रेन तर ऱ्हायलीच." आणि मग हळूच, "पन पाठ म्हनून पास झालो, तर शनवारपासून खाली पठान उभा असतोय, भाऊसाहेब."

तो पाठ म्हणणार की नाही, हे त्याने सांगितले नाही. मीही विचारले नाही. साक्षीदाराला आदल्या दिवशी पढवू नये असा वकीलसाहेबांचा नियम होता, तो त्यांनी स्वतः कधी पाळला नाही, पण मी पाळला.

तपासणी यार्डाच्या भिंतीच्या सावलीत घ्यायची ठरले होते, कारण तक्ता आणि माणूस यांच्यात जेवढे अंतर लागते तेवढी लांब एकही केबिन नव्हती. गुरुवारी दुपारी नेमके वारे उठले. वाळूने आकाश पिवळे झाले, चौकट दोनदा उडाली, आणि सेफ्टी साहेबाने रुमाल तोंडाला लावून विचारले की हे आज व्हायचे आहे का. पुढच्या तारखा म्हणजे काय ते मला पुरते ठाऊक आहे. मी ठामपणे म्हटले, आजच. डॉक्टरांनी दवाखान्याच्या केबिनीकडे पाहिले. तिची लांबी हवी त्याच्या निम्मी होती.

"आरसा पाहिजे," डॉक्टर म्हणाले. "मोठा."

कॅम्पात मोठा आरसा एकच. तो हैदराबादी न्हाव्याचा, आणि गुरुवार म्हणजे सुट्टीच्या आदल्या दिवशी त्याच्याकडे रांग. न्हाव्याने प्रथम साफ नकार दिला. मग क्रेनवाल्यासाठी आहे म्हटल्यावर त्याने आरसा भिंतीवरून उतरवला, चादरीत गुंडाळला आणि तो दुसऱ्या कोणाच्या हाती न देता स्वतः वाळूतून घेऊन आला. त्याच्यामागे अर्ध्या गालाला साबण लावलेला एक फिटरही आला. गिऱ्हाईक म्हणून नव्हे, आरशाचा हक्कदार म्हणून.

योजना सोपी होती. तक्ता एका भिंतीवर टांगायचा, त्याच्या खालीच खुर्ची ठेवायची, आणि समोरच्या भिंतीवर आरसा. खुर्चीतल्या माणसाने आरशात पाठीमागचा तक्ता पाहायचा. नजर आरशापर्यंत जाते आणि तिथून तक्त्यापर्यंत परत येते. निम्म्या खोलीत पूर्ण अंतर भरते. सेफ्टी साहेबाने टेपने अंतर मोजले, दोन्ही आकडे जोडले आणि मान डोलावली. मला तो माणूस पहिल्यांदा आवडला.

भाषेची अडचण डॉक्टरांनी त्याहून सुरेख सोडवली. तोंडाने काही बोलायचेच नाही. क्रेनला जे इशारे खालून दिले जातात तेच इथे द्यायचे: बोट वर, बोट खाली, हात डावीकडे ताणलेला, हात उजवीकडे. ते इशारे साहेबालाही येत होते आणि क्रेनवाल्यालाही. दुभाष्याची गरज उरली नाही.

साहेबाने आधी साधन पारखायचे ठरवले. ज्याच्या नजरेबद्दल शंका नाही असा एखादा माणूस त्याला हवा होता. कोणी नाव सुचवण्याआधीच सुतार खुर्चीत जाऊन बसला. त्याची नजर घारीची. क्रेनवाल्याला धीर यावा म्हणून आपण पहिले बसतो, असे त्याने आम्हाला डोळ्याने सुचवले. डॉक्टरांनी पळी हातात दिली. सुताराने पळी डोळ्यावर धरली, आरशाकडे एकदा नावापुरते पाहिले आणि छातीठोकपणे हात हलवू लागला.

वर बरोबर. मग डावी. डॉक्टरांच्या भुवया चढल्या. खाली बरोबर. मग उजवी, उजवी. साहेबाने आरशात पाहिले, सुताराकडे पाहिले, पुन्हा आरशात पाहिले. सुतार भराभर पुढे निघाला होता, शेवटच्या ओळीपर्यंत न अडखळता. वर आणि खाली अचूक. डावे आणि उजवे, प्रत्येक वेळी, नेमके उलटे.

आरशात डावे उजवीकडे दिसते हे त्या खोलीत त्या क्षणी सगळ्यांना कळले, सुतार सोडून. त्याने पाठ केले होते ते समोरून पाहिलेल्या तक्त्यावरून. दारात दाटी करून उभ्या असलेल्या मेसच्या भजनी मंडळाचे चेहरे मी पाहिले. तितके मूक मंडळ मी पुन्हा पाहिले नाही. साहेब डॉक्टरांना थंडपणे म्हणाला की एक तर हा माणूस आंधळा आहे, नाहीतर तुमचा तक्ता फसवा आहे. त्याने हातातली फाइल मिटली. डॉक्टर पहिल्यांदाच हसत नव्हते. तक्ता बाद झाला तर फेरतपासणी बाद, आणि मग शिक्का.

मी तोंड उघडणार होतो. पण त्याआधी क्रेनवाला पुढे आला आणि कोणी न सांगता खुर्चीत बसला.

त्याने पळी धरली. आरशात पाहिले. पहिल्या ओळीला बोट वर. दुसऱ्या ओळीला हात, सावकाश, उजवीकडे. मागच्या चौकटीवर ती फणी डावीकडे वळलेली होती. तिसऱ्या ओळीशी तो अडला. त्याला पुढचे पाठ होते. आदल्या संध्याकाळी त्याच्या कानाशी ताटल्या वाजल्या होत्या. डावे-उजवे उलटे करून म्हणायला फारशी अक्कल लागली नसती. त्याने हात मांडीवर ठेवला.

"पुढचं दिसत नाय," तो म्हणाला. "दिसत असतं तर सांगितलं असतं."

मी भाषांतर केले. साहेबाने मान हलवली. त्यात तुच्छता नव्हती, थोडे वाईट वाटल्याची छटा होती. तेव्हा डॉक्टरांनी एक्स-रे फिल्मचा तुकडा क्रेनवाल्याच्या हातात दिला.

त्याने तो डोळ्याला लावला. छिद्र सापडायला क्षणभर वेळ लागला. मग त्याच्या तोंडून 'अगं बाय' एवढेच निघाले, आणि त्याचा उजवा हात उठला. उजवीकडे. खाली. डावीकडे, डावीकडे. वर. हा हात वर्षानुवर्षे लिव्हरवर राहून दुसऱ्याचे इशारे पाळत आला होता. आज तो स्वतः इशारे देत होता, आणि सेफ्टी साहेबाची नजर एखाद्या क्रेनसारखी त्याच्या बोटामागून तक्त्यावर फिरत होती. ओळीमागून ओळ. ड्राफ्ट्समनच्या शाईने काढलेल्या सर्वांत बारीक ओळीतली एकच आकृती त्याची चुकली. मग पळी दुसऱ्या डोळ्यावर गेली आणि तेच पुन्हा झाले.

आता मी उभा राहिलो. माझ्या आयुष्यात मी वकील कधीच झालो नाही, पण ते दहा-बारा वाक्यांचे भाषण मी कोणत्याही न्यायालयात केले असते. साहेबांना मी म्हटले की पहिल्या साक्षीदाराने काय केले ते आपण पाहिले. त्याने तक्ता पाठ केला होता, आणि आरशाने त्याला पकडले. म्हणजे हा तक्ता फसवा नाही. फसवणाऱ्याला तो सोडत नाही, हे आपल्यासमोरच सिद्ध झाले. आता दुसरा साक्षीदार घ्या. तो प्रत्येक फणी आरशात दिसते तशी सांगतो. म्हणजे तो पाहून सांगतो. त्याला साध्या डोळ्याने दिसले नाही तेव्हा त्याने तसे कबूल केले, आणि छिद्रातून दिसले तेव्हा तेही दाखवले. डोळा शाबूत आहे, नंबर आहे. करारात शब्द आहेत, 'अथवा चष्म्यासह'. चष्मा आणू द्या आणि मग याच खुर्चीत बसवा.

साहेबाने फिल्मचा तुकडा मागून घेतला आणि स्वतःचा चष्मा कपाळावर चढवून त्यातून तक्त्याकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. मग क्रेनवाल्याकडे वळून त्याने डाव्या हाताची सैलशी मूठ वळली, डोळ्याला लावली आणि प्रश्नार्थक मान हलवली. क्रेनवाल्याने लाजून होकार दिला. साहेबाने फाइल उघडली आणि जुन्या शेऱ्यावर रेघ मारली.

अर्ध्या गालाचा फिटर म्हणाला, "खलास? आता आरसा नेऊ का?"

चष्मा दम्मामच्या दुकानातून आला. त्याचा भार कोणी सोसायचा यावर मॅनेजरशी माझा वेगळा पत्रव्यवहार झाला, तो मी जिंकलो. क्रेनवाला पुन्हा खुर्चीत बसला आणि तुकड्याशिवाय शेवटच्या ओळीपर्यंत गेला. सुताराची गोष्ट मात्र सोपी नव्हती. साहेबाने त्याच्या नावापुढेही शेरा लिहिला होता, आणि नियमाप्रमाणे डोळ्यांच्या तपासणीत नापास झालेल्या माणसाला करवतीच्या यंत्राजवळ उभे राहण्यास मनाई होती. आता त्यालाही फेरतपासणी हवी होती. तो माझ्या केबिनीच्या दारात येऊन खांबासारखा उभा राहिला. मी पाहिलेच नाही असे करून टाइप करत राहिलो.

"आरसो फितूर झालो, भाऊसाहेब," तो शेवटी म्हणाला.

त्याच्यासाठी मी पत्र लिहिले. माझ्या साऱ्या कारकिर्दीत एकही कलम न सापडलेले ते एकमेव पत्र. त्यात मी नुसती विनंती केली, आणि ती लिहिताना मला टाइपरायटर फार जड लागला. साहेबाने सुताराला खुर्चीत बसवले, आणि या वेळी डॉक्टरांना सांगून तक्ता उलटा टांगला.

क्रेनवाला कामावर परतला त्या सकाळी यार्डात विनाकारण बरेच लोक जमले होते. न्हावीही आला होता; आपल्या आरशाचा अशील म्हणून तो त्याच्याकडे पाहत असावा. वारा नव्हता. पाइप उठला, फिरला, ओंडक्यांवर टेकला आणि ओंडक्यांना कळले नाही. दुपारी तो खाली उतरला तेव्हा मी विचारले, कसे काय दिसते वरून.

तो चष्मा पुसत होता. "तो पठान आहे ना," तो म्हणाला, "मला आजवर वाटायचं तो माझ्यावर चिडून तोंड वाकडं करतोय. मी पन त्याला शिव्या घालायचो मनात. भाऊसाहेब, तो हसतोय हो. सारखा हसतोय."

जेवणानंतर तो पुन्हा वर चढला. सवय अशी सुटत नाही. पहिलाच पाइप उचलताना त्याची डावी मूठ आपोआप चष्म्यावर गेली. खाली सेफ्टी साहेब हातात हेल्मेट घेऊन यार्ड ओलांडत होता. तो थांबला. मला वाटले, आता शेरा. साहेबाने वर पाहिले, स्वतःची मूठ वळून डोळ्याला लावली, क्षणभर तशीच धरली आणि पुढे निघून गेला. पठाणाने हात उजवीकडे ताणला. क्रेन उजवीकडे फिरली.